उन्हाळी गणित शिबिर

माध्यमिक शाळेतल्या मुलांसाठी सुट्टीत चालणारा, अभ्यासक्रमाबाहेरच्या गणिताचा उपक्रम. शिकवणी वेगळी आणि हे वेगळे. शिकवणीत मागे राहिलेले भरून काढतात, नाहीतर पुढच्या इयत्तेचे धडे आधीच उरकतात. शिबिरात एकाच प्रश्नाशी दोन-दोन दिवस झटापट चालते.

गणितज्ञ अर्नोल्ड रॉस यांनी १९५७ मध्ये अमेरिकेत सुरू केलेले शिबिर या प्रकारातले सर्वांत नावाजलेले. ते निवडक हुशार मुलांसाठी होते. अल्पसंख्याक मुलांना डोळ्यांसमोर ठेवून १९७९ मध्ये टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत मॅन्युएल बेरिओसाबाल यांनी उन्हाळी कार्यक्रम उभा केला. त्यात तर्कशास्त्र आणि गणितावर भर होता. त्याच सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलीत, उरी ट्राइझमन यांनी कृष्णवर्णीय विद्यार्थी कलनात (कॅल्क्युलसमध्ये) मागे का पडतात हे त्यांच्यासोबत वावरून पाहिले. ही मुले एकेकटी अभ्यास करत. चिनी वंशाची मुले रात्री एकत्र बसून एकमेकांच्या चुका काढत. ट्राइझमन यांनी सोपी उजळणी न देता अधिक अवघड गणिते दिली आणि ती गटात सोडवायला लावली. हे महाविद्यालयात घडले, तरी शाळकरी शिबिरांनाही हाच धडा सर्वाधिक लागू पडतो.

गोव्यात ही कल्पना आणताना ‘अल्पसंख्याक’ हा शब्दच आधी अडतो. कायद्याने पाहिले तर येथे ख्रिस्ती (२०११ च्या जनगणनेत सुमारे २५ टक्के) आणि मुस्लिम (सुमारे ८ टक्के) हे प्रमुख अल्पसंख्याक. अमेरिकेतल्या शब्दाचा रोख मात्र डोकी मोजण्यापेक्षा गणिताच्या वर्गात कोण दिसत नाही याकडे आहे. त्या अर्थाने काणकोण, सांगे, सत्तरी या लांबच्या तालुक्यांतली मुले, आणि २००३ मध्ये अनुसूचित जमातींच्या यादीत आलेल्या गावडा, कुणबी, वेळीप घरांतली मुलेही यात धरावी लागतील. सरकारी व्याख्येवर बोट ठेवून प्रवेश दिला तर नेमकी हीच मुले बाहेर राहतील.

दुसरी अडचण भाषेची. मराठी किंवा कोकणी प्राथमिक शाळेतून चौथी झालेले मूल पाचवीत इंग्रजी माध्यमात जाते. ‘लसावि’ काढता येणारी मुलगी फळ्यावर ‘एल.सी.एम.’ पाहून गप्प बसते. तिचे गणित कच्चे नसते, नाव बदललेले असते. ‘एकोणसाठ’ या शब्दातच साठातून एक वजा केलेला असतो. ‘फिफ्टी नाइन’मध्ये ती खूण नाही. म्हणून शिबिरात बोलणे घरच्या भाषेत आणि मांडणी हळूहळू इंग्रजीत, असा क्रम सोयीचा.

साहित्य फारसे लागत नाही. काजूच्या बिया पुरतात, आणि गोव्यातली मुले उन्हाळ्यात त्यांच्याशी खेळतच असतात. एकवीस बिया मांडायच्या. पाळीपाळीने एक, दोन किंवा तीन उचलायच्या. शेवटची बी उचलेल तो जिंकला. पहिले काही डाव मूठ भरेल तसे चालतात. मग कोणीतरी ओरडते, “चार उरल्या की तू गेलास!” खरेच आहे: समोरच्यापुढे चार ठेवल्या, तर त्याने एक घेतली की आपण तीन घ्यायच्या, त्याने दोन घेतल्या की दोन, तीन घेतल्या की एक. तिथून मागे जात आठ, बारा, सोळा, वीस. म्हणजे सुरुवात करणाऱ्याने पहिल्यांदा एकच बी उचलायची. इथे शिक्षकाने ‘शाबास’ म्हणून विषय मिटवू नये. चारपर्यंत बिया उचलायची मुभा दिली तर? शेवटची उचलणारा हरला तर? पाठ केलेली युक्ती कोलमडते आणि सिद्धता लागते. शिबिराचा खरा वेळ इथे जातो, जावाही.

२०२५ पासून गोव्यात वरच्या वर्गांचे शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होऊ लागले, त्यामुळे उन्हाळी शिबिराला मे महिनाच मोकळा उरतो. लांबच्या तालुक्यांतून मुले बसने येणार असतील तर वर्ग सकाळी लवकर ठेवून जमत नाही. राहण्याची सोय करावी लागते, किंवा शिबिरच तालुक्याच्या गावी न्यावे लागते.