कामात कमी पडणं हा अपराध नव्हे : एका फ्रेंच संज्ञेची पार्श्वभूमी

फ्रान्समधून आलेलं, नोकरीवरून काढल्याचं पत्र इंग्रजीत आणताना भाषांतरकार हमखास अडतो तो ‘अँस्युफिझाँस प्रोफेसिओनेल’ या दोन शब्दांपाशी. सरळ अर्थ एवढाच की माणूस कामाला अपुरा पडतो. कोणी त्याचं ‘पुअर परफॉर्मन्स’ करतं, कोणी ‘इन्कॉम्पिटन्स’, कोणी ‘प्रोफेशनल इनॅडिक्वसी’, आणि घाईत असलेला एखादा सगळं ‘मिसकंडक्ट’च्या खात्यात टाकून मोकळा होतो. पहिले तीन पर्याय एक वेळ चालवून घेता येतील. चौथा खटला हरवणारा आहे. कारण ही संज्ञा आज फ्रेंच कायद्यात जिथे उभी आहे तिथे ती ‘या माणसाचा दोष नाही’ हे आधी कबूल करते आणि मगच त्याला घरी पाठवते. कायद्याला या जागी यायला पावणेदोनशे वर्षं लागली, आणि इंग्रजी बोलणारे देश त्या वाटेने गेलेच नाहीत.

सुरुवात मालकाच्या बाजूने झाली. 1803 साली कामगाराला ‘लिव्रे’ म्हणजे कामगार-पुस्तिका बाळगणं सक्तीचं झालं. पुढच्याच वर्षी नेपोलियनची नागरी संहिता आली. तिच्या 1780व्या कलमाने आयुष्यभराची चाकरी नाकारली; 1781व्या कलमाने मात्र मजुरी किती ठरली, गेल्या वर्षाची चुकती झाली का, चालू वर्षात उचल किती दिली, या वादांत मालकाचा शब्द खरा मानायचं ठरवलं. पुरावा लागत नव्हता, मालकाने सांगितलं की झालं. हे कलम 1868मध्ये रद्द झालं, पुस्तिका 1890मध्ये गेली. दरम्यान 1806 साली लिऑंमध्ये पहिलं ‘प्रुदॉम’ मंडळ स्थापन झालं होतं. नोकरीतले तंटे सोडवणारी ही मंडळं आजही आहेत आणि त्यांत मालक व कामगार यांचे प्रतिनिधी समसमान बसतात.

27 डिसेंबर 1890च्या कायद्याने एक पाऊल पुढे टाकलं. मुदत न ठरलेला करार कोणत्याही बाजूला कधीही मोडता येईल, पण मोडणाऱ्याला भरपाई द्यावी लागू शकते. 19 जुलै 1928च्या कायद्याने न्यायाधीशाला सांगितलं की करार मोडणाऱ्याने काय कारण दिलं ते निकालपत्रात नोंदवा. कारण मनमानी होतं हे सिद्ध करायचं ओझं मात्र कामगाराच्याच डोक्यावर राहिलं. या काळात ‘हा नीट काम करत नाही’ एवढं वाक्य मालकाला पुरत असे. तो आळशी आहे, अडाणी आहे की मुद्दाम बिघडवतो आहे, या फरकाला कायद्याच्या लेखी फारशी किंमत नव्हती.

फरकाला किंमत आली ती पैशामुळे. 1958मध्ये पूर्वसूचनेचा काळ कायद्याने बांधून दिला, 1967च्या अध्यादेशाने नोकरी जाताना द्यायची रक्कम ठरवली, आणि दोन्हींना एकच अपवाद ठेवला : ‘फोत ग्राव्ह’, म्हणजे गंभीर कसूर. मग माणूस कसूरवार आहे की नुसताच कमी पडणारा, हा प्रश्न थेट खिशाला भिडला. आजच्या दराने हिशोब करून बघा. महिना 3,000 युरो पगार आणि दहा वर्षं नोकरी. वर्षाला पाव महिन्याचा पगार धरून 7,500 युरो आणि दोन महिन्यांच्या पूर्वसूचनेचे 6,000, असे साडेतेरा हजार हातात पडतात. पत्रात ‘फोत ग्राव्ह’ लिहिलं आणि ते टिकलं, तर दोन्ही शून्य.

खरं वळण 13 जुलै 1973च्या कायद्याचं. काढायचं असेल तर ‘कोझ रेएल ए सेरियझ’ हवं, म्हणजे कारण खरं हवं आणि वजनदार हवं. आधी बोलावून समोरासमोर बोलायचं, मग रजिस्टर पत्र पाठवायचं. इथे पहिल्यांदा कसुरीशिवायचं कारणही ‘वजनदार’ ठरू शकतं याला कायद्याच्या चौकटीत रीतसर जागा मिळाली. इंग्रजीत याचं ‘रिअल अँड सीरियस कॉज’ असं ठोकळ भाषांतर रुळलं आहे. लंडनच्या वकिलाच्या कानाला ते खटकतं, पण माझ्या मते खटकू द्यावं. वाचणारा थांबतो आणि ही आपल्याकडची गोष्ट नाही हे त्याच्या लक्षात येतं.

मग 4 ऑगस्ट 1982चा कायदा आला, कामगार मंत्री जाँ ओरू यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यांपैकी एक. त्याने शिस्तीच्या कारवाईला स्वतंत्र घर बांधून दिलं. कसूर कळल्यापासून दोन महिन्यांत कारवाई सुरू केली पाहिजे. शिक्षा म्हणून पगार कापणं किंवा दंड लावणं बंद. शिस्तीला असं कुंपण पडल्यावर कुंपणाबाहेर काय उरलं हेही आपोआप ठरलं. सर्वोच्च अपील न्यायालयाने, म्हणजे कूर द कासासिओंने, पुढे अनेक निकालांत तेच घट्ट केलं : मुद्दाम अंग चोरलं असेल, जाणूनबुजून असहकार केला असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर कमी पडणं ही कसूर नव्हे.

गंमत म्हणजे सरकारी नोकरीत हेच शब्द असूनही वाट वेगळी आहे. 1984च्या सेवा-कायद्यात अपुरेपणासाठी काढण्याची तरतूद होती, 2022पासून ती सरकारी सेवेच्या संहितेत आहे, आणि त्यासाठी शिस्तभंगाचीच प्रक्रिया पाळावी लागते. दोष नाही, पण सोपस्कार सगळे दोषाचेच.

खाजगी नोकरीत मात्र सगळा डोलारा पत्रावर उभा आहे. 1986च्या अखेरीस झालेल्या कायद्याने पत्रात कारण लिहिणं बंधनकारक केलं. 29 नोव्हेंबर 1990च्या ‘रोजी’ निकालाने सांगितलं की कारण न लिहिणं म्हणजे कारण नसणं. त्याच दिवशीच्या ‘फेर्त्रे’ निकालाने ‘विश्वास उडाला’ हे कारण म्हणून नाकारलं. विश्वास का उडाला त्याची दाखवता येतील अशी तथ्यं आणा. वादाची हद्द पत्र आखतं, म्हणून मालकाने ‘कसूर’ लिहिलं आणि न्यायाधीशाला दिसलं की माणूस फक्त कमी पडत होता, तर न्यायाधीश मालकासाठी कारण बदलून देत नाही. काढणंच बेकायदा ठरतं.

आता परदेशी मुख्यालयातला मसुदा डोळ्यांसमोर आणा. तिथल्या नमुन्यात लिहिलेलं असतं, ‘वारंवार खराब कामगिरी, जी गंभीर गैरवर्तणूक ठरते’. पॅरिसमध्ये ते प्रामाणिकपणे फ्रेंचमध्ये उतरवलं की ‘फोत ग्राव्ह’ होतं, पण खाली दिलेली उदाहरणं सगळी उशिरा आलेल्या अहवालांची आणि चुकलेल्या आकड्यांची. वरच्या उदाहरणातल्या, दहा वर्षं नोकरी झालेल्या माणसाचे साडेतेरा हजार तर द्यावे लागतातच, शिवाय अकरा किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या कंपनीत तीन ते दहा महिन्यांच्या पगाराची भरपाई, म्हणजे 9,000 ते 30,000 युरो.

कसुरीच्या पायऱ्याही इंग्रजीत नीट बसत नाहीत. साधी कसूर, मग ‘ग्राव्ह’, जिच्यामुळे माणसाला कंपनीत ठेवणंच अशक्य होतं, आणि सर्वांत वर ‘लुर्द’, जिथे मालकाचं नुकसान करण्याचा हेतू लागतो. ब्रिटनचं ‘ग्रॉस मिसकंडक्ट’ साधारण ‘ग्राव्ह’च्या आसपास येतं. ‘लुर्द’चं ‘ग्रॉस नेग्लिजन्स’ करणारे भेटतात; हेतू आणि निष्काळजीपणा यांची ही सरळ अदलाबदल आहे. ‘लुर्द’ ठरलेल्याची शिल्लक रजेची रक्कमही पूर्वी बुडत असे. 2 मार्च 2016 रोजी घटना परिषदेने, म्हणजे कायदे घटनेला धरून आहेत का हे तपासणाऱ्या संस्थेने, ती तरतूद रद्द केली. जुन्या पत्रांचं भाषांतर करताना ही तारीख ध्यानात ठेवलेली बरी.

ब्रिटनमध्ये अन्यायकारक बडतर्फीची कल्पना 1971च्या कायद्याने आणली, म्हणजे फ्रान्सच्या दोनच वर्षं आधी. तिथे वर्तणूक एका खान्यात आणि ‘केपेबिलिटी’, म्हणजे कामाची क्षमता, दुसऱ्या खान्यात, त्यामुळे वरवर पाहता जोडी जुळते. पण आज लागू असलेल्या 1996च्या कायद्यातली केपेबिलिटीची व्याख्या कौशल्य आणि कुवतीबरोबर तब्येतही पोटात घेते. फ्रान्समध्ये तब्येतीचा विषय ‘इनाप्तित्युद’ म्हणजे असमर्थता या वेगळ्या खान्यात जातो, आणि तसं ठरवायचा अधिकार कंपनीच्या साहेबाला नसून व्यवसाय-आरोग्य डॉक्टरला असतो. तब्येतीवरून एखाद्याला ‘अपुरा’ म्हणून काढलं तर तो भेदभाव होतो. म्हणून ‘केपेबिलिटी डिसमिसल’ हा सोयीचा वाटणारा शब्द मी तरी फ्रेंच पत्रासाठी वापरणार नाही.

न्यायाधीश काय तपासतो, तिथेही फाटा फुटतो. ब्रिटनमधल्या 1978च्या अलिडेअर प्रकरणात एका वैमानिकाने ग्वेर्नसीला विमान इतकं आदळून उतरवलं की त्याचं मोठं नुकसान झालं. लॉर्ड डेनिंग यांच्या न्यायालयाने म्हटलं की वैमानिक अकुशल आहे असं मालकाला प्रामाणिकपणे आणि सयुक्तिक आधारावर वाटलं, तेवढं पुरे. फ्रान्समध्ये मालकाला काय वाटलं हे पुरत नाही. तथ्यं नेमकी आणि पडताळता येण्याजोगी लागतात, आणि 2 ऑगस्ट 1989च्या कायद्यापासून शंका उरली तर तिचा फायदा कर्मचाऱ्याला. अमेरिकेचं तर बोलायलाच नको. माँटाना राज्य सोडलं तर तिथे मर्जीनुसार काढता येणं हाच मूळ नियम, मग कारणांच्या इतक्या बारीक जाती कशाला लागतील?

पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकून भाषांतराकडे वळणाऱ्यांच्या वाटेत आणखी एक आपला घरचा खड्डा आहे. कारखान्यांतल्या नोकरीच्या अटींबद्दलच्या 1946च्या स्थायी आदेश कायद्याखालच्या (2025मध्ये त्याची जागा नव्या संहितेने घेतली) आदर्श नियमांत कामातला सवयीचा हलगर्जीपणा थेट गैरवर्तणुकीच्या यादीत येत असे. भारतीय कार्यालयीन इंग्रजीवर वाढलेला हात त्यामुळे ‘मिसकंडक्ट’कडे आपसूक वळतो.

भाषांतरकाराला अधिकृत आधार हवा असेल तर तो जिनिव्हात सापडतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या, नोकरी संपवण्याबाबतच्या 1982च्या 158व्या कराराच्या इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही संहिता सारख्याच प्रमाण आहेत. चौथ्या कलमात इंग्रजी ‘कपॅसिटी’समोर फ्रेंच ‘आप्तित्युद’ उभा आहे, आणि सातव्या कलमात ‘परफॉर्मन्स’समोर नुसताच ‘त्राव्हाय’, म्हणजे काम. प्रमाण संहिता तयार करणाऱ्यांनीही शब्दाला शब्द जोडायचा हट्ट धरला नाही. फ्रान्सने हा करार 1989मध्ये स्वीकारला आणि तो शोभेपुरता राहिला नाही : पहिली दोन वर्षं कारण न देता काढायची मुभा देणारा 2005चा ‘नव्या भरतीचा करार’ 2008मध्ये कूर द कासासिओंसमोर याच 158व्या करारावर आपटला.

उलट्या दिशेचा प्रवास पाहायचा तर कॅनडात जावं. 1982मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या ‘ईडिथ कॅव्हेल’ रुग्णालयाच्या लवाद-निवाड्याने, दोष नसताना कमी पडणाऱ्या कर्मचाऱ्याला कधी काढता येईल याच्या कसोट्या इंग्रजीत घातल्या. अपेक्षा त्याला सांगितल्या होत्या का? उणिवा दाखवल्या होत्या का? सुधारायला मदत आणि वेळ दिला का? नाहीतर नोकरी जाईल असं बजावलं होतं का? 2005मध्ये क्वेबेकच्या अपील न्यायालयाने कॉस्टकोच्या एका प्रकरणात त्या जवळपास तशाच फ्रेंचमध्ये घेतल्या. म्हणून क्वेबेकचे मजकूर चाळले तर जोडीचे इंग्रजी शब्द भरपूर हाती लागतात. फक्त सावध असावं : तिथे ‘लिसाँसिमाँ’ (नोकरीवरून काढणं) हा शब्द बहुधा नोकरकपातीसाठी वापरतात आणि दोषामुळे काढण्याला ‘काँजेदिमाँ’ म्हणतात, पॅरिसचा ‘लिसाँसिमाँ’ दोन्हींना पुरतो.

विक्रीचं उद्दिष्ट गाठलं नाही, हा या कुळातला वेगळा वाद. आकडे कमी आले हे स्वतःहून कारण होत नाही, असं फ्रेंच न्यायालय 1999पासून बजावत आलं आहे. ते आकडे माणसाच्या अपुरेपणामुळे की कसुरीमुळे आले, की बाजारच बसला होता, हे बघावं लागतं. 2001मध्ये मालकाला उद्दिष्टं एकतर्फी ठरवायची मोकळीक मिळाली, पण 1994च्या तुबों कायद्याचा हिशोब बाकी होता. कामगारावर बंधन घालणारा दस्तऐवज फ्रेंचमध्येच हवा. 2006मध्ये वर्सायच्या अपील न्यायालयाने जनरल इलेक्ट्रिकच्या वैद्यकीय उपकरण कंपनीला कागदपत्रं इंग्रजीतच ठेवल्याबद्दल 5,80,000 युरो भरायला लावले, आणि 29 जून 2011 रोजी कूर द कासासिओंने ठरवलं की फक्त इंग्रजीत दिलेली उद्दिष्टं कर्मचाऱ्यावर लादता येत नाहीत. परदेशातून आलेल्या कागदांना सूट आहे, आणि त्या सवलतीच्या आड किती कंपन्या उभ्या राहू पाहतात हे वेगळं सांगायला नको.

‘अपुरेपणा’ची हद्द कुठवर ताणता येते याचं गाजलेलं उदाहरण 9 नोव्हेंबर 2022चं. पॅरिसच्या एका सल्लागार कंपनीने, कंपनीच्या ‘मौजमजे’च्या संस्कृतीत मिसळत नाही, हेही अपुरेपणाच्या कारणांत घालून एकाला काढलं होतं. दारूची रेलचेल असलेल्या पार्ट्यांना नकार देणं हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे असं सांगून न्यायालयाने काढणंच रद्दबातल ठरवलं.

पत्राबाबतचा हा कडकपणा मात्र 2017च्या अध्यादेशांनी थोडा सैल केला. आता पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत कर्मचारी खुलासा मागू शकतो, मालक पुढच्या पंधरा दिवसांत तो देऊ शकतो, किंवा आपणहून तपशील जोडू शकतो. असलेलं कारण स्पष्ट करता येतं. कसुरीच्या जागी अपुरेपणा आणून बसवता येत नाही. त्यामुळे मसुदा परदेशातून आला असेल तर भाषांतरकाराने शंका काढायची ती पत्र रवाना होण्याआधीच.