सोलरची पाटी स्वतःची वीज फेडते का?

“सोलरची पाटी बनवायला जितकी वीज जाते, तितकी ती जन्मात देत नाही,” हे धुऱ्यावर बसून कितीदा ऐकलं! ते खरं नाही. पाटीतलं सिलिकॉन शुद्ध करायला भट्टीत भरपूर ऊर्जा लागते, एवढं मान्य. पण आपल्या विदर्भाच्या उन्हात ती साधारण दोनेक वर्षांत वसूल होते, आणि पाटी चालते 25 वर्षं.

संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीने 2014 च्या अहवालात खाणीपासून भंगारापर्यंतचा हिशेब मांडलाय. एका युनिटमागे कोळशाचा कार्बन सुमारे 820 ग्रॅम, छतावरच्या सोलरचा 41, पवनचक्कीचा 11.

वरून राख. आपल्या कोळशात शंभर किलोमागे तीस-चाळीस किलो राखच निघते. चंद्रपूरचं कोळशावरचं वीजकेंद्र 2920 मेगावॅटचं. अशा केंद्रांच्या आसपास फुटलेलं बोंड वेचलं, की बोटांना करडी भुकटी लागते. धुराड्याआधीची यंत्रं बरीचशी राख पकडतात, तिच्या विटा होतात, सिमेंटमध्येही जाते. कार्बन मात्र सुटतोच.

सोलरही निर्दोष नाही. पाटीच्या जोडणीत शिसं असतं, म्हणून फुटलेली पाटी उकिरड्यावर टाकू नका. 2022 च्या ई-कचरा नियमांत सोलर पॅनलही आहेत. सोलर पंप बसवतानाच विक्रेत्याला विचारा, जुनी पाटी परत कोण नेणार?