मानदुखी, लढाऊ वैमानिकांची

लढाऊ विमाने व हेलिकॉप्टरे चालवणाऱ्यांना उड्डाणातील ताणामुळे होणारी मानेची वेदना व तिच्यावरील उपाय. सोलापुरात हवाई दलाचा तळ नाही. पुण्याच्या लोहगाव तळावर सुखोई-३० लढाऊ विमाने असतात. या उपायांचा बराच भाग सोलापूरच्या विडी कामगारांच्या मानदुखीलाही लागू पडतो, म्हणून ती माहिती शेवटी जोडली आहे.

कारणे : डोक्याचे वजन साधारण ४.५ ते ५ किग्रॅ. शिरस्त्राण व प्राणवायूचा मुखवटा धरून ते ७ किग्रॅ.च्या आसपास जाते. ९ जी (गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट) त्वरणाच्या वळणात हाच भार ६० किग्रॅ.च्या घरात, म्हणजे सिमेंटच्या पोत्याहून जास्त होतो. मान सरळ असेल तर तो बहुधा पेलतो. पण पाठीमागचे विमान शोधण्यासाठी वैमानिक नेमकी त्याच क्षणी मान वळवून वर धरतो. मागच्या आसनावरील सहकाऱ्याला वळण कधी येणार हे आधी कळत नाही, त्यामुळे त्याची मान बेसावध सापडते. एफ-१६ विमानाचे आसन त्वरण सोसावे म्हणून सुमारे ३०° मागे कललेले आहे. समोर पाहण्यासाठी मान पुढे काढावी लागते, हा त्याचा तोटा. हेलिकॉप्टरमध्ये त्वरण कमी, पण रात्रदर्शी दुर्बिणीमुळे भार कपाळापुढे जातो. तो सावरायला शिरस्त्राणाच्या मागे वजन लावतात. तोल साधतो, मात्र एकूण ओझे वाढते.

झिजेचा वाद : उड्डाणामुळे मणक्यांमधील गाद्या अकाली झिजतात का, यावर एकमत नाही. स्वीडनमध्ये १९९० च्या दशकातील एमआरआय पाहणीत अनुभवी लढाऊ वैमानिकांत अशी झीज अधिक आढळली. त्याच गटांच्या सुमारे पाच वर्षांनंतरच्या तपासणीत मात्र तुलनेसाठी घेतलेल्या इतरांतही झीज वाढली होती व दोहोंतील अंतर घटले होते. त्यावरून झीज लवकर सुरू होते, पण पुढे वयामुळे इतरांतील झीजही तिला गाठते, असा अर्थ काढला जातो आणि तो अधिक सयुक्तिक वाटतो. शिवाय एमआरआयमधील झीज व प्रत्यक्ष दुखणे यांचा मेळ नेहमी बसत नाही. ‘गादी सरकली’ हे निदान चित्र पाहूनच करणे त्यामुळे घाईचे ठरते.

उपाय : तीव्र दुखण्यात थोडे दिवस उड्डाणबंदी, शेक, वेदनाशामके व हलक्या हालचाली. झापड आणणारी स्नायुशिथिलके घेऊन उड्डाण करता येत नाही. मानेचा पट्टा दीर्घकाळ वापरल्यास स्नायू दुबळे होतात. प्रतिबंधासाठी मानेचे, विशेषतः खोल पुढच्या स्नायूंचे व खांद्यांचे बळ वाढवणारे व्यायाम, उड्डाणापूर्वी मान मोकळी करणे आणि त्वरण चढण्याआधीच डोके हव्या दिशेला वळवून आसनाला टेकवणे यांवर भर असतो. फिनलंडमध्ये ट्रॅम्पोलिनवरील (ताणलेल्या उसळत्या कापडावरील) उड्या व ताकदीचे व्यायाम यांची तुलना झाली. दोहोंनी उड्डाणातील स्नायूंचा ताण घटला. व्यायामांचा गुण नियमितपणावर बराच अवलंबून दिसतो. भारतात या विषयाचे प्रमुख केंद्र बंगळूरची हवाई-अंतराळ वैद्यक संस्था (स्थापना १९५७) होय.

सोलापुरातील संदर्भ : विडी वळणाऱ्या महिला मांडीवर सूप घेऊन बसतात, भिजवलेले तेंदूचे पान मापाने कात्रीने कापणे, तंबाखू भरणे, वळणे, तोंड मुडपून दोरा बांधणे हे सारे मान खाली घालूनच. येथे भार डोक्याएवढाच, पण तासन्‌तास. मान मधूनमधून वर करणे व वरील बळवर्धक व्यायाम यांना त्यामुळे येथेही अर्थ आहे. मान धरली की केशकर्तनालयात ती कडकन मोडून घेण्याची सवय मात्र सोडलेली बरी : अशा झटक्याने मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणीला (धमनीला) इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. हाताला मुंग्या, पकड सैल होणे किंवा चालताना तोल जाणे ही लक्षणे असल्यास मालिश टाळून थेट ‘सिव्हिल’मध्ये, म्हणजे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा अन्य अस्थिरोगतज्ज्ञाकडे तपासणी करून घ्यावी लागते.