दोन मीटरचे दोन समुद्र: डनेटच्या किनाऱ्यावर वाऱ्याची लाट आणि स्वेल

पहिल्यांदा डनेटला निघाले तेव्हा अंदाजात एकच आकडा पाहिला होता: लाटा 2 मीटर. ॲबर्डीनहून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर. वाटेत बेरिडेलचा चढउतार लागतो. इथले लोक त्याचं नाव भीतीनं घेतात, आंबोली पाहिलेल्या माणसाला हसू येतं. लॅथरनपासून रस्ता समुद्र सोडून आत वळतो, मग मैलोन् मैल पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची ओली, तपकिरी जमीन, आणि शेवटी स्कॉटलंडचा उत्तर काठ.

डनेट बे म्हणजे तीन किलोमीटरहून लांब पांढरट वाळू, मागे टेकड्या आणि त्यावर टोकदार गवत. उजव्या हाताला डनेट हेड, ब्रिटनच्या मुख्य भूमीचं सर्वांत उत्तरेचं टोक. (हा मान बहुतेकजण जॉन ओ'ग्रोट्सला देऊन टाकतात, तिथं फोटो काढतात आणि परत जातात. डनेट शांत राहिलं याचं थोडं श्रेय या गैरसमजाला आहे.) आकाश स्वच्छ असेल तर समोर ऑर्कनीतल्या हॉय बेटाचे कडे दिसतात.

मला काहीच दिसलं नाही. वारा थेट तोंडावर होता. वाळू घोट्याएवढ्या उंचीवरून सापासारखी सरपटत होती आणि थर्मासच्या झाकणात ओतलेल्या चहात पहिल्या घोटालाच कचकच लागली. समुद्र तर नुसता खवळलेला: लाट इथून उठतेय, तिथून उठतेय, एक पुरती फुटायच्या आत दुसरी तिच्या पाठीवर. पाण्यात एकही माणूस नव्हता.

तीन आठवड्यांनी परत गेले. अंदाज पुन्हा 2 मीटरचाच. पण त्या दिवशी क्षितिजापासून किनाऱ्यापर्यंत वहीवर पट्टीनं आखल्यासारख्या रेघा होत्या, आणि प्रत्येक रेघ आत येऊन एका टोकाकडून दुसरीकडे उलगडत फुटत होती. काळ्या रबरी सूटमधले सातआठ सर्फर पाण्यात बसून लाटेची वाट बघत होते.

उंची तीच होती. बदलला होता तो शेजारचा, मी न वाचलेला आकडा: पहिल्या दिवशी 7 सेकंद, दुसऱ्या दिवशी 14.

हे सेकंद म्हणजे एका लाटेचा माथा गेल्यावर दुसरीचा येईपर्यंतचा वेळ. इंग्रजीत त्याला पीरियड म्हणतात, मराठीत आवर्तकाळ. पहिला समुद्र वाऱ्याच्या लाटांचा होता, दुसरा स्वेलचा. मराठीत आपण दोन्हींना लाटाच म्हणतो आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

वाऱ्याची लाट म्हणजे जो वारा तिला उठवतोय त्याच्याच तावडीत अजून असलेली लाट. ताशी 40 किलोमीटरचा वारा काही तास समुद्रावरून वाहिला की ती तयार होते. तिची रेघ आखूड आणि तुटक असते, माथा टोकदार, त्यावर पांढरा फेस. वारा पडला की तीही काही तासांत बसते.

स्वेल म्हणजे वाऱ्याच्या हद्दीतून बाहेर पडून स्वतःच्या जोरावर चालत आलेली लाट. डनेटला येणारा चांगला स्वेल बहुधा ग्रीनलंड आणि आइसलंडच्या बाजूच्या वादळांत जन्मतो. वादळाच्या पोटात सगळा गोंधळच असतो, लहानमोठ्या लाटा एकमेकींत मिसळलेल्या. मग समुद्र त्यांना चाळतो. खोल पाण्यात ज्या लाटेचा आवर्तकाळ जास्त ती वेगानं पळते, त्यामुळे लांब लाटा पुढे निघतात, आखूड मागे राहून वाटेतच विरतात. 14 सेकंदांच्या लाटांचा गट ताशी साधारण 39 किलोमीटरनं पुढे सरकतो, 7 सेकंदांचा त्याच्या निम्म्यानं. ग्रीनलंडचं दक्षिण टोक इथून सुमारे 2300 किलोमीटर दूर आहे. म्हणजे सोमवारी सकाळी तिथं घोंघावलेलं वादळ बुधवारी संध्याकाळी डनेटच्या वाळूवर पोचतं, आणि तोवर इथं वाऱ्याची झुळूकही नसू शकते.

दुसऱ्या महायुद्धात फौजा किनाऱ्यावर उतरवायच्या तर तिथं लाटा किती असतील हे आधी कळायला हवं होतं, म्हणून हराल्ड स्वेर्ड्रुप आणि वॉल्टर मंक यांनी लाटांचा अंदाज बांधायची रीत तयार केली. 1963 मध्ये मंकनं न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत मोजणीची ठाणी बसवून अंटार्क्टिकाजवळच्या वादळांतल्या लाटांचा अख्ख्या पॅसिफिकभर माग काढला. दहा हजार किलोमीटरहून जास्त प्रवास करूनही त्या ओळखता येत होत्या.

आता वाळूवर उभं राहून फरक का पडतो ते बघू. आवर्तकाळ दुप्पट झाला की खोल पाण्यातली लाटेची लांबी चौपट होते. 7 सेकंदांची लाट एका माथ्यापासून दुसऱ्यापर्यंत 76 मीटर, 14 सेकंदांची 300 मीटरच्या थोडी वर. लाटेला तळ साधारण तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर जाणवू लागतो. म्हणजे आखूड लाट 38 मीटर पाण्यात येईपर्यंत बेफिकीर असते; लांब लाटेला दीडशे मीटरवरच तळाचा स्पर्श होतो. तिथपासून ती मंदावते, आखडते आणि वर चढते. तळाच्या उतारानुसार वळतेही. पश्चिमेकडून आलेला लांब स्वेल स्कॉटलंडच्या वायव्य कोपऱ्यातल्या केप रॅथला वळसा घालून या उत्तर काठावर येऊ शकतो तो यामुळे. शिवाय उंची सारखीच असली तरी 14 सेकंदांची लाट किनाऱ्यावर 7 सेकंदांच्या लाटेच्या दुप्पट ऊर्जा आणून टाकते. कागदावर 2 मीटर असलेला स्वेल फुटताना डोक्याच्या वर जातो. वाऱ्याची 2 मीटरची लाट फुटते तेव्हा जेमतेम तेवढीच असते आणि तीही अर्धी मोडलेली.

डनेटपासून गाडीनं वीसेक मिनिटांवर थर्सो ईस्ट आहे. तिथं हा फरक एखाद्या प्रयोगासारखा दिसतो. पडक्या किल्ल्याजवळ, नदीच्या मुखापाशी, पाण्याखाली केथनेसच्या, म्हणजे या परगण्याच्या, प्रसिद्ध फरशीचे सपाट थर आहेत, इथल्या घरांना आणि कुंपणांना लागते तीच फरशी. पीटमधून आलेल्या नदीमुळे पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं. त्या खडकावर लांब स्वेल आला की लाट उजवीकडे अशी सोलत जाते की 1981 मध्ये युरोपची सर्फिंग स्पर्धा इथं भरवली गेली. वाऱ्याच्या आखूड लाटा आल्या तर त्याच फरशीवर नुसता खळखळाट. डनेटची वाळू जरा दयाळू आहे, वाऱ्याच्या लाटांतही शिकाऊ माणसाला फेसात फळीवर पोटावर लोळता येतं. खडकावर ते करू नये.

गोंधळात भर घालणारी दोन कारणं आहेत, दोन्ही अंदाजाच्या पानावरच बसलेली.

पहिलं, 'लाटांची उंची' म्हणजे सगळ्या लाटांची उंची नव्हे. उंचीनं वरच्या एक-तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. 2 मीटर लिहिलं असेल त्या दिवशी बऱ्याच लाटा मीटरभराच्या असतात आणि एखादी साडेतीन मीटरच्या पुढेही जाते.

दुसरं, समुद्र बहुतेक वेळा एकजिनसी नसतोच. लांबून आलेल्या स्वेलवर इथल्या वाऱ्याच्या लाटा चढलेल्या असतात. अशा वेळी उंचीची साधी बेरीज होत नाही, वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढतात. दीड मीटर स्वेल आणि दीड मीटर वाऱ्याची लाट मिळून तीन मीटर नव्हे, 2.1 मीटर. म्हणजे 'दोन मीटर' हा आकडा स्वच्छ स्वेलचा असेल, निव्वळ वाऱ्याचा असेल, किंवा या खिचडीचा. म्हणून स्वेल आणि वाऱ्याची लाट वेगवेगळ्या रकान्यात दाखवणारा अंदाजच उघडावा. एकच आकडा देणारा अंदाज मी आता बघत नाही.

वारा कुठून आहे तेही वाचावं लागतं. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते ते इथं कामाला आलं. डनेटचं तोंड वायव्येला. वायव्येचा खारा वारा लाटेला पाठीमागून ढकलून वेळेआधी पाडतो. आग्नेयेचा, म्हणजे जमिनीवरून येणारा वारा लाटेच्या तोंडावर आदळून तिला क्षणभर उभी धरतो आणि माथ्यावरून तुषार मागे उडवतो. सर्फर ज्याला सोन्यासारखा दिवस म्हणतात तो हा: लांबचा स्वेल आणि हलका मतलई वारा.

मुंबईच्या बातम्यांत दर पावसाळ्यात 'समुद्रात साडेचार मीटरच्या लाटा उसळणार' असं वाचून मी मोठी झाले. तो आकडा बहुतेक वेळा भरतीचा असतो, पाण्याची पातळी किती चढणार याचा. लाटा त्या पातळीच्या वर, वेगळ्या. साडेचार मीटरची भरती अगदी गुळगुळीत पाण्यानंही येते. आपल्या डोक्यातला लाटांचा घोळ इतका जुना आहे.

सर्फिंग न करणाऱ्यानं हे का वाचावं? कारण नुसता फिरायला गेलेला माणूसच यात जास्त फसतो. वाऱ्याचा समुद्र प्रामाणिक असतो. दिसतो भयंकर, आवाज अखंड, कुणी जवळ जात नाही. स्वेलचा समुद्र गटागटानं येतो: पाचसहा मोठ्या लाटा, मग कितीतरी मिनिटं शांतता. त्या शांततेत माणूस खडकावर पुढे जाऊन फोटो काढतो. केरळचे मच्छीमार वाऱ्याशिवाय अचानक चढून येणाऱ्या अशा समुद्राला कल्लक्कडल म्हणतात, चोरासारखा येणारा समुद्र. तोही दूर दक्षिण महासागरातल्या वादळांचा स्वेलच असतो, आणि हैदराबादची इन्कॉइस संस्था आता त्याचे इशारे देते. डनेटच्या पाण्यात धोका आणखी एक: थंडी. हिवाळ्याच्या शेवटी पाणी 6-7 अंशांवर असतं, ऑगस्टमध्ये 13 च्या आसपास. 15 अंशांखालच्या पाण्यात अचानक पडलं की श्वास आपोआप धापांसारखा चालू लागतो आणि पोहता येणारा माणूसही पाणी गिळतो. अशा वेळी हातपाय न मारता पाठीवर तरंगत राहून श्वास जागेवर येऊ द्यावा, असं इथले जीवरक्षक सांगतात. काठावरून कुणी अडचणीत दिसलं तर आत उडी न घेता 999 लावून कोस्टगार्ड मागावा.

ओळखायला यंत्र लागत नाही. फेसाचा एखादा ठिपका किंवा बाहेरचा खडक नजरेत धरायचा आणि अकरा माथे मोजायचे. पहिल्यापासून अकराव्यापर्यंतच्या सेकंदांना दहानं भागलं की झालं. 8 च्या खाली आलं तर वाऱ्याची लाट, 12 च्या वर तर नक्की स्वेल. मधल्या आकड्यांवर वाद घालता येतो. पण पाण्याकडे जायच्या आधी निदान पंधरावीस मिनिटं नुसतं बघावं, म्हणजे मोठ्या लाटांचा एखादा गट डोळ्यांसमोरून जातो. डिसेंबरात दिवस सहा तासांच्या थोडाच वर असतो, तेव्हा या वीस मिनिटांचा हिशेब आधीच धरावा.

गेल्या सप्टेंबरात देवगडचे मामा आले होते, त्यांना घेऊन गेले. जन्म होडीवर गेलेला माणूस. मी गाडीतच त्यांना सेकंदांचं गणित सांगायला लागले होते. ते कानटोपी ओढून वाळूच्या टेकडीवर चढले. वारा पडलेला, गवताचं पातं हलत नव्हतं, आणि खाली पाणी संथपणे फुगत होतं, बसत होतं.

"वारो नाय, तरी दर्यो कित्याक हलता?" ते म्हणाले, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता स्वतःच पुढे: "लांब खंयतरी वादळ झाला असतला."

मी फोनवर मोजलं. 13 सेकंद.

आम्ही भरतीच्या रेघेपासून चांगले लांब, एका वाळलेल्या ओंडक्यावर बसलो. दहा मिनिटं काही झालं नाही. मग बाहेर एक रेघ गडद झाली, तिच्यामागे दुसरी, आणि तिसऱ्या लाटेचा फेस थेट ओंडक्यापर्यंत आला. मामांनी पाय आधीच वर घेतले होते. माझे बूट भिजले.