माउंटन बाइकचे मागचे सस्पेन्शन

डोंगरवाटांवर चालवायच्या सायकलीत मागचे चाक फ्रेमला पक्के न जोडता सांध्यांवर झुलते ठेवतात आणि त्याची वरखाली हालचाल एका शॉकवर, म्हणजे स्प्रिंग (किंवा दाबलेली हवा) आणि हालचालीला रोध करणारे तेल असलेल्या नळकांड्यावर, तोलून धरतात. या व्यवस्थेला मागचे सस्पेन्शन म्हणतात. पुढे फोर्क (पुढचे चाक धरणारा, धक्के झेलणारा दुभागी भाग) आणि मागे शॉक अशी दोन्ही सस्पेन्शन असलेल्या सायकलीला 'फुल सस्पेन्शन', तर फक्त फोर्क असलेल्या सायकलीला 'हार्डटेल' म्हणतात. बसणाऱ्याला धक्के कमी बसतात हा मागच्या सस्पेन्शनचा फायदा खरा, पण दुय्यम. त्याचे मुख्य काम चाक जमिनीला टेकलेले ठेवणे हे आहे. दगडावरून उडालेले चाक हवेत असते तेवढा वेळ ब्रेक लागत नाही, पेडलचा जोर जमिनीपर्यंत पोचत नाही आणि वळणावर पकड राहत नाही.

शॉक बाजारात सुटा मिळतो, त्यामुळे तो स्वतंत्र भाग आहे आणि चांगला शॉक कोणत्याही फ्रेमवर चांगलाच चालेल, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात शॉकला दिसते ते फ्रेमच्या तरफांनी बदलून दिलेले ओझे. म्हणून ट्यूनिंगची सुरुवात शॉकच्या खटक्यांपासून (रोध कमीजास्त करणाऱ्या, टप्प्याटप्प्याने फिरणाऱ्या कळांपासून) न करता फ्रेमच्या रचनेपासून करावी लागते, आणि या नोंदीतही तोच क्रम ठेवला आहे.

पूर्वपीठिका

माउंटन बाइकचा उगम कॅलिफोर्नियातील मॅरिन काउंटीत, माउंट तामाल्पाइसच्या परिसरात झाला. तिथे 1976 मध्ये 'रिपॅक' या उताराच्या शर्यती सुरू झाल्या. सुरुवातीच्या सायकली जुन्या, जड, रुंद टायरच्या होत्या. जो ब्रीझ यांनी 1977 मध्ये याच कामासाठी मुद्दाम नवी फ्रेम बांधली. सस्पेन्शन तेव्हा कुठेच नव्हते. 1989 मध्ये पॉल टर्नर यांनी रॉकशॉक्स कंपनी काढली आणि पुढचा फोर्क लवकरच रूढ झाला. मागच्या चाकाचा प्रश्न मात्र अवघड राहिला, कारण तिथे साखळी आहे. साखळीचा ताण सस्पेन्शनला ओढतो आणि सस्पेन्शनची हालचाल साखळीला ओढते. पहिल्या पिढीतल्या अनेक सायकली पेडल मारताना घोड्यासारख्या उसळत.

हा गुंता सोडवण्यात ऑस्ट्रियात जन्मलेले मोटोक्रॉसपटू आणि अभियंते हॉर्स्ट लाइटनर यांचा वाटा मोठा आहे. कॅलिफोर्नियातील आपल्या एएमपी रिसर्च या कंपनीत त्यांनी चेनस्टेवर (पेडलच्या आसाकडून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या दांडीवर), मागच्या आसाच्या थोडे पुढे, एक सांधा घातला. तोच आज 'हॉर्स्ट लिंक' म्हणून ओळखला जातो. 1998 मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने त्याचे पेटंट विकत घेतले, आणि पुढे बरीच वर्षे अमेरिकेत विकायच्या सायकलीत हा सांधा वापरायला इतर कंपन्यांना परवाना लागत असे. आज दिसणाऱ्या रचनांमधली विविधता काही अंशी या पेटंटमुळेच आली, कारण बाकीच्यांना वेगळी वाट शोधणे भाग होते.

फ्रेमच्या रचना

सर्वांत साधी रचना एका सांध्याची. स्विंगआर्म, म्हणजे मागचे चाक धरणारा झुलता भाग, पेडलच्या आसाजवळ फ्रेमला जोडलेला असतो आणि मागचा आस त्या सांध्याभोवती वर्तुळाच्या कमानीवर फिरतो. काही फ्रेमांत सीटस्टेवर (सीटच्या बाजूने मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या दांडीवर) आणखी एक सांधा आणि वर रॉकर, म्हणजे शॉक दाबणारी आखूड झुलती तरफ, असतो. दिसायला ती चार दांड्यांची रचना असते, पण मागचा आस चेनस्टेवरच राहिल्याने त्याचा मार्ग एका सांध्याचाच राहतो. रॉकर फक्त शॉक कसा दाबला जाईल ते ठरवतो. हॉर्स्ट लिंकमध्ये आस सीटस्टेच्या तुकड्यावर जातो, म्हणून त्याचा मार्ग दोन दांड्या मिळून ठरवतात. त्या दोन दांड्यांच्या रेषा वाढवल्या की जिथे मिळतात ते तात्क्षणिक केंद्र. चाक त्या क्षणी जणू त्या बिंदूभोवती फिरत असते, आणि सस्पेन्शन दबत जाते तसा तो बिंदूही सरकतो.

तिसऱ्या कुळात मागचा त्रिकोण अखंड असतो आणि तो दोन आखूड लिंकांवर (जोडदांड्यांवर) टांगलेला असतो. सांता क्रूझ कंपनीच्या व्हीपीपी या रचनेत या दोन लिंका परस्परविरुद्ध दिशेने फिरतात, तर सस्पेन्शन-रचनाकार डेव्ह वीगल यांच्या डीडब्ल्यू-लिंकमध्ये एकाच दिशेने. डीडब्ल्यू-लिंक असलेल्या आयर्न हॉर्स संडे या सायकलीवर ऑस्ट्रेलियाचा सॅम हिल 2006 आणि 2007 मध्ये डाउनहिलचा (उताराच्या शर्यतीचा) जगज्जेता झाला. अलीकडे मुख्य सांधा खूप वर नेऊन साखळी एका जादा दातेरी चाकावरून वळवण्याची पद्धत पुन्हा आली आहे. त्यामुळे दगड लागताच चाक वर जाता जाता मागेही सरकते आणि धक्क्याची धार बोथट होते. मोबदल्यात थोडे घर्षण, थोडे वजन आणि धुवायला आणखी एक भाग वाढतो.

रचनेच्या नावावरून सायकल पारखणे मात्र चुकीचे आहे. सांधा काही मिलिमीटर इकडेतिकडे सरकवला की एकाच नावाच्या दोन फ्रेमा अगदी वेगळ्या वागू शकतात. पाहायच्या त्या दोन गोष्टी : साखळीचा परिणाम आणि तरफेचे गुणोत्तर.

पेडल मारले की सायकल पुढे झेपावते, भार मागे सरकतो आणि शॉक दबू पाहतो. साखळीची ओढ आणि चाकाचा जोर स्विंगआर्ममधून याच्या उलट काम करू शकतात. या प्रतिकाराला 'अँटी-स्क्वॉट' म्हणतात आणि तो टक्क्यांत मोजतात. 100 टक्के म्हणजे भार सरकण्याचा परिणाम पुरता तोलला गेला. बसताना सायकल जिथे स्थिरावते तिथे तो 100 टक्क्यांच्या आसपास ठेवून पुढे उतरत नेण्याकडे बहुतेक रचनाकारांचा कल असतो. तो फार वाढवला तर सस्पेन्शन दबताना साखळी लांबायला बघते आणि पेडल पायाखाली मागे झटका देते. 2012 मध्ये सायकलीचे भाग बनवणाऱ्या स्रॅम कंपनीने पुढे एकच दातेरी चाक असलेला एक्सएक्स1 संच आणला, तेव्हापासून हे काम सोपे झाले. तीन वेगवेगळ्या चाकांसाठी तडजोड करण्याऐवजी रचनाकाराला साधारण 30-32 दात्यांचे एकच चाक डोळ्यांसमोर ठेवता येऊ लागले.

तरफेचे गुणोत्तर

मागचे चाक जेवढे हलते तेवढा शॉक हलत नाही. चाकाचा प्रवास 150 मिमी आणि शॉकचा 60 मिमी असेल तर गुणोत्तर सरासरी 2.5 होते. चाकावरचे ओझे शॉकवर तितक्याच पटीने वाढून येते. उलट बाजूने, शॉकमधल्या स्प्रिंगचा आणि तेलाच्या रोधाचा ताठरपणा चाकापाशी गुणोत्तराच्या वर्गाने कमी होतो. हा वर्गच सगळ्या गोंधळाचे मूळ आहे. तोच 150 मिमी प्रवास एखाद्या फ्रेममध्ये 50 मिमीच्या शॉकने साधला असेल तर गुणोत्तर 3 होते. 2.5 वरून 3 हा फरक किरकोळ दिसतो, पण चाकाला तीच भावना द्यायची तर स्प्रिंग आणि रोध दोन्ही 44 टक्के जास्त ताठ लागतात. कंपन्या एकाच मॉडेलचे शॉक फ्रेमनुसार आतून वेगवेगळे बांधून देतात ते यामुळेच. मित्राच्या सायकलीवर सुरेख चाललेला शॉक आपल्या सायकलीवर ढिला किंवा लाकडासारखा लागतो, त्याचेही कारण बहुधा हेच असते.

शिवाय हे गुणोत्तर प्रवासभर सारखे राहत नाही. समजा ते सुरुवातीला 2.9 आणि शेवटी 2.1 आहे. म्हणजे ते सुमारे 28 टक्के उतरते, आणि अशा फ्रेमला 'प्रोग्रेसिव्ह' म्हणतात. सुरुवातीला चाक हलके हलते, शेवटाकडे ताठ होत जाते. साधी पोलादी स्प्रिंग लावली तरी फक्त गुणोत्तरामुळे चाकापाशी ताठरपणा शेवटी जवळजवळ दुप्पट होतो. जवळपास सपाट गुणोत्तराच्या फ्रेममध्ये ही मदत मिळत नाही. तिथे पोलादी स्प्रिंगचा शॉक मोठ्या उडीनंतर धाडकन तळाला लागतो. हवेचा शॉक अशा फ्रेमला मानवतो, कारण दाबली जाणारी हवा आपणहून शेवटाकडे ताठ होत जाते.

स्प्रिंग निवडणे

वरच्याच फ्रेमचे (चाकाचा प्रवास 150 मिमी, शॉकचा 60 मिमी, गुणोत्तर 2.9 ते 2.1) गणित करून पाहू. चालवणारा कपडे-हेल्मेट-पाणी धरून 80 किलोचा असेल आणि त्यातला 65 टक्के भार मागे पडत असेल, तर मागे 52 किलो, म्हणजे सुमारे 510 न्यूटन येतात. स्वार नुसता बसल्यावर शॉक जेवढा दबतो त्याला 'सॅग' म्हणतात. तो शॉकच्या प्रवासाच्या 30 टक्के, म्हणजे 18 मिमी हवा आहे. सरासरी 2.5 धरले तर 400 पौंड प्रति इंचाची स्प्रिंग येते. पण सॅगच्या जागी या फ्रेमचे गुणोत्तर 2.66 आहे, आणि शॉकला जाणवते ते त्या जागेचे. ते धरले की उत्तर 430 पर्यंत जाते. म्हणजे 425 किंवा 450 ची स्प्रिंग. याच फ्रेमवर शॉकचा दांडा 18 मिमी दबला की चाक सुमारे 50 मिमी वर गेलेले असते, म्हणजे एकूण प्रवासाच्या एक तृतीयांश. शॉकवर 30 टक्के मोजले म्हणून चाकावरही 30 टक्केच असतील असे नाही.

सॅग किती ठेवावा हे वापरावर ठरते. क्रॉस-कंट्रीला 20-25, रोजच्या डोंगरवाटांना 25-30, उताराच्या सायकलींना 30-35 टक्के असा साधारण अंदाज असतो. हवेच्या शॉकमध्ये हवा थोडी थोडी भरावी आणि मधे मधे सायकल दाबावी, कारण मुख्य कप्प्यातली हवा उलट दिशेने काम करणाऱ्या छोट्या कप्प्यात गेल्याशिवाय आकडा खरा लागत नाही. हवेच्या कप्प्यात प्लास्टिकचे ठोकळे घालून त्याचे आकारमान कमी करता येते. मधला प्रवास तसाच राहतो, शेवट ताठ होतो. आधीच प्रोग्रेसिव्ह असलेल्या फ्रेममध्ये ठोकळे भरले तर शेवटचे 20-30 मिमी कधी वापरलेच जात नाहीत. विकत घेतलेला प्रवास वाया घालवण्याचा हा सगळ्यांत सामान्य प्रकार आहे.

तापमानाचाही हिशेब ठेवावा लागतो. पुण्यात जानेवारीच्या पहाटे 10 अंशांत 200 पीएसआय भरलेला शॉक दुपारी 30 अंशांत सुमारे 215 दाखवेल. टेकडीवर सकाळी मऊ वाटलेली सायकल उन्हात ताठ का झाली, याचे उत्तर इथे असते.

तेलाचा रोध

स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि परत देते. ती उष्णतेत जिरवण्याचे काम तेल करते. दांड्याच्या टोकाला पिस्टन असतो, पिस्टनला भोके असतात आणि भोकांवर पातळ पोलादी चकत्यांची चवड बसवलेली असते. या चकत्यांना शिम म्हणतात. तेल त्या वाकवून पलीकडे जाते. चकतीचा ताठरपणा जाडीच्या घनाने वाढतो. 0.10 मिमीच्या जागी 0.20 मिमीची चकती आठपट ताठ असते, त्यामुळे कारागिराच्या हातातला एक छोटा बदल स्वाराला मोठा जाणवतो. तेलात फेस होऊ नये म्हणून ते दाबाखाली ठेवतात. त्यासाठी एका तरंगत्या पिस्टनच्या मागे बहुधा नायट्रोजन भरलेला असतो. शॉक उघडणे घरच्या पान्यांचे काम नाही ते यामुळे.

रिबाउंडचा खटका शॉक किती वेगाने परत उलगडेल ते ठरवतो. स्प्रिंग जितकी ताठ तितका रिबाउंडचा रोध जास्त लागतो, म्हणून आधी सॅग आणि मगच रिबाउंड. फार सैल ठेवला तर उडीच्या तोंडाशी मागचे चाक लाथ मारते. फार घट्ट ठेवला तर सलग दगडांवर चाकाला उलगडायला वेळच मिळत नाही. सायकल दर धक्क्याला थोडी थोडी बसत जाते आणि शेवटी ताठ झाल्यासारखी लागते. असा स्वार बहुतेकदा 'स्प्रिंग कडक आहे' म्हणून हवा कमी करतो आणि अडचण वाढवतो. ताठपणा जाणवला की आधी रिबाउंड दोन खटके सैल करून पाहावा.

कॉम्प्रेशनचे, म्हणजे शॉक दबतानाच्या रोधाचे, 'लो-स्पीड' आणि 'हाय-स्पीड' असे दोन खटके असतात तेव्हा स्पीड म्हणजे शॉकच्या दांड्याचा वेग, सायकलीचा नव्हे. शरीर हलणे, पेडल मारणे, वळणात दबणे या संथ हालचाली. दगडाचा टोला किंवा सपाट जमिनीवर उतरणे ही जलद हालचाल. चढावर डुलणे थांबवायचे म्हणून लो-स्पीड आवळला की मुळांवरची पकड जाते. फ्रेमचा अँटी-स्क्वॉट कमी असेल तर ती उणीव तेलाने भरून काढावी लागते आणि तडजोड नेहमीच थोडी बोचते.

ट्यूनिंग करताना एकच ओळखीचा तुकडा निवडावा, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि खटके पूर्ण बंद स्थितीपासून मोजून वहीत लिहावेत. दोन टोके मुद्दाम चालवून पाहिली तर मधली जागा लवकर सापडते.

निगा

सांध्यांतील बेअरिंगे अडकली तर कोणतेही ट्यूनिंग उपयोगी पडत नाही. शॉकचा बोल्ट काढून मागचा त्रिकोण हाताने उचलून सोडावा. तो स्वतःच्या वजनाने सहज खाली यायला हवा, आणि बाजूला हलता कामा नये. लांब जोडदांडीने शॉक दाबणाऱ्या फ्रेमांत बाजूचा भार दांड्यावर येतो आणि पोलादी स्प्रिंगच्या शॉकचा दांडा वाकण्याचा किंवा तुटण्याचा धोका वाढतो, म्हणून अशा फ्रेमवर तो बसवण्याआधी फ्रेम बनवणाऱ्याची परवानगी पाहावी. हवेच्या कप्प्याचे सील साधारण 50 तासांच्या चालवण्यानंतर स्वच्छ करून ग्रीस लावावे लागतात. सह्याद्रीतल्या पावसाळी चिखलात त्याआधीच. चालवून झाल्यावर दांड्यावर तेलाची पुसट रेघ दिसणे ठीक आहे, पण पुसूनही पुन्हा थेंब जमत असेल तर सील गेलेला असतो आणि तो बदलेपर्यंत सायकल डोंगरावर नेऊ नये.