उच्च-एन्ट्रॉपी सुपरअलॉय: भिडू नवे, भार जुन्याच गॅमा प्राइमवर

बाजव्याचा खत कारखाना आणि कोयलीची रिफायनरी जवळ असल्याने बडोद्यातल्या मेटलर्जीवाल्यांना 'क्रीप' (तापलेला धातू सततच्या ताणाखाली हळूहळू लांबत जाणे) समजावून सांगावा लागत नाही. रिफॉर्मरच्या, म्हणजे वायूपासून हायड्रोजन काढणाऱ्या भट्टीच्या, नळ्या 900 अंशांच्या आसपास वर्षानुवर्षे दाब सोसतात आणि हळूहळू फुगतात. त्यामुळे उच्च-एन्ट्रॉपी सुपरअलॉय, म्हणजे अनेक धातू मोठ्या प्रमाणात मिसळून केलेल्या उष्णतेत टिकणाऱ्या नव्या मिश्रधातूंचे नाव निघाले की इथला पहिला प्रश्न ठरलेला: आपल्या नळ्यांना चालेल का?

1906 मध्ये अल्बर्ट मार्शने नायक्रोमचे पेटंट घेतले. निकेल 80, क्रोमियम 20. भट्टीच्या तारेला उत्तम, पण तापल्यावर ताण पेलण्यात कच्चा. जेट इंजिन आले तेव्हा, 1940 च्या दशकाच्या सुरुवातीला, इंग्लंडमध्ये त्यातच थोडे टायटॅनियम व ॲल्युमिनियम घालून निमोनिक 80 तयार झाला. ताकद आली ती धातूच्या आत तयार होणाऱ्या गॅमा प्राइम नावाच्या बारीक कणांमुळे: निकेलचे तीन अणू, ॲल्युमिनियमचा एक, जागा ठरलेल्या. हवेत वितळवताना ॲल्युमिनियम-टायटॅनियम जळून स्लॅगमध्ये, म्हणजे वर तरंगणाऱ्या मळीत, जायचे. 1950 च्या दशकात निर्वातात वितळवणारी व्हॅक्यूम इंडक्शन भट्टी रुळली आणि त्यांचे प्रमाण वाढवता आले. पुढे जेट इंजिनाच्या टर्बाइनसाठी एकस्फटिकी, म्हणजे एकाच स्फटिकाची, पाती आली. दुसऱ्या पिढीत साधारण 3 टक्के रेनियम, तिसऱ्या पिढीत 6. इथे गाडी अडली. रेनियम महाग आणि जड, शिवाय जास्त झाले की ठिसूळ पत्र्यांसारख्या अवस्था निपजतात.

2004 मध्ये तैवानचे जिएन-वेई येह आणि इंग्लंडचे ब्रायन कँटर यांनी स्वतंत्रपणे वेगळाच डाव मांडला: मुख्य धातू एक नकोच, पाच-सहा घ्या. कँटरच्या मिश्रधातूत क्रोमियम, मँगेनीज, लोह, कोबाल्ट, निकेल समसमान. पाच धातूंच्या मिश्रणाची एन्ट्रॉपी, म्हणजे अणूंच्या सरमिसळीचे माप, मोलमागे 13.4 ज्यूल प्रति केल्विन. 1000 अंश सेल्सिअसला, म्हणजे 1273 केल्विनला, मिश्रण एकजीव ठेवण्यात तिचा वाटा मोलमागे 17 किलोज्यूल. शुद्ध धातूंपासून गॅमा प्राइम बनताना मात्र अणूंच्या मोलमागे सुमारे 40 किलोज्यूल सुटतात. म्हणजे एन्ट्रॉपीच्या जोरावर सगळे एकजीव राहील, ही आशा जरा जास्तच होती. कँटरचा मिश्रधातू 700 अंशांना 500 दिवस ठेवला तर त्यात क्रोमियमयुक्त, ठिसूळ सिग्मा अवस्था वेगळी पडते. 900 ला तो एकजीव राहतो.

तैवानच्याच त्सिंगहुआ विद्यापीठातल्या गटाने 2010 च्या दशकात अणूंची वेगळे पडून गॅमा प्राइम बनवण्याची ही ओढ रोखण्याऐवजी वापरली. निकेल निम्म्याच्या आसपास, बाकी कोबाल्ट, लोह, क्रोमियम, ॲल्युमिनियम, टायटॅनियम. आणि गॅमा प्राइम मुद्दाम घडवलेले. घनता घन सेंटिमीटरमागे 8 ग्रॅमच्या खाली, रेनियमवाल्या पात्यांची साधारण 8.6 ते 9.

कसोटी लागते ती प्रक्रियेत. ओतीव गोळा थिजताना ॲल्युमिनियम-टायटॅनियम डेंड्राइटच्या, म्हणजे झाडाच्या फांद्यांसारख्या वाढणाऱ्या स्फटिकांच्या, फटींत साचते आणि तिथला वितळणबिंदू उतरतो. थेट 1200 अंशांना नेला तर त्या फटी आधी वितळतात, थंड झाल्यावर छिद्रे उरतात आणि गोळा भंगारात जातो. म्हणून तापमान टप्प्याटप्प्याने चढवायचे, दर टप्प्यावर तासन्‌तास थांबायचे, म्हणजे रचना सारखी होत जाते आणि वितळणबिंदू वर सरकतो. मग गॅमा प्राइम पूर्ण विरघळेल इतके तापवून वेगाने थंड करणे आणि शेवटी एजिंग, म्हणजे कमी तापमानाला ठेवून गॅमा प्राइमचे कण पुन्हा वाढू देणे. मँगेनीज असेल तर निर्वातात ते वाफ होऊन उडते. भट्टीत आर्गॉन भरून वितळवावे, नाहीतर विश्लेषणात कमी भरते.

मग सुरुवातीचा प्रश्न: रिफॉर्मरच्या नळ्यांना चालेल का? सध्या तरी नाही. त्या 25 टक्के क्रोमियम-35 टक्के निकेलच्या, कार्बाइडच्या (धातू-कार्बनच्या) कणांवर टिकणाऱ्या, सेंट्रिफ्यूगल, म्हणजे फिरत्या साच्यातल्या, ओतकामाच्या. एक लाख तासांसाठी आखलेल्या आणि तुकडे वेल्ड करून जोडलेल्या. गॅमा प्राइम भरपूर असलेला मिश्रधातू वेल्डनंतर तापवताना सांध्याशेजारी तडकतो, कारण वेल्डचा ताण सैल पडण्याआधीच कण वाढून धातू कडक होतो.