प्रक्षेपण क्षमता (देशांच्या अंतराळ संस्थांची)

आपल्याच रॉकेटने उपग्रह कक्षेत सोडता येणं म्हणजे प्रक्षेपण क्षमता. अमेरिकेची नासा, आपली इस्रो, जपानची जाक्सा ही नावं सगळ्यांना माहीत आहेत, पण अंतराळ संस्था असलेल्या बऱ्याच देशांकडे रॉकेट नाही, ते दुसऱ्याकडून उपग्रह सोडून घेतात.

पहिला नंबर सोव्हिएत संघाचा, स्पुटनिक, ४ ऑक्टोबर १९५७, त्यात वाद नाही. मग १९५८ मध्ये अमेरिका. पुढे मोजायचं कसं यावर घोळ आहे. ऑस्ट्रेलियाचा व्रेसॅट उपग्रह १९६७ मध्ये त्यांच्याच वूमेरा तळावरून गेला, पण रॉकेट अमेरिकन, म्हणून तो धरत नाहीत. उलट फ्रान्सने १९६५ मध्ये अल्जीरियातल्या हमागीरहून स्वतःचं दियामाँ रॉकेट उडवलं, ते धरतात. म्हणजे जमीन कोणाची ते नाही, रॉकेट कोणाचं ते बघायचं, आणि हेच पटण्यासारखं आहे. याच हिशोबाने आपला आर्यभट उपग्रह (१९७५) मोजणीत येत नाही, तो सोव्हिएत रॉकेटने गेला होता.

भारत १८ जुलै १९८० ला आपल्या एसएलव्ही-३ रॉकेटवरून रोहिणी उपग्रह सोडून यादीत आला. इस्रो स्वतः सहावा देश म्हणते, बाकी बऱ्याच याद्यांत सातवा. जपान आणि चीन १९७० चे, त्यानंतर ब्रिटनचा प्रॉस्पेरो उपग्रह, ऑक्टोबर १९७१, तोही वूमेराहूनच, आणि गंमत म्हणजे तो उडायच्या आधीच सरकारने रॉकेटचा कार्यक्रम बंद करायचं ठरवलं होतं. पण उपग्रह कक्षेत गेला हे खरं, त्यामुळे ब्रिटनला धरून भारताला सातवा म्हणणं जास्त बरोबर वाटतं. इस्रायल १९८८, इराण २००९, उत्तर कोरिया २०१२.

मुंबईचा संबंध सुरुवातीपासून आहे. १९६२ ची इन्कोस्पार, म्हणजे अंतराळ संशोधनाची राष्ट्रीय समिती, अणुऊर्जा खात्याखाली होती, विक्रम साराभाई अध्यक्ष, आणि ते खातं मुंबईतलं. इस्रोच्या पीएसएलव्ही आणि जीएसएलव्ही या रॉकेटना लागणारं विकास इंजिन, ज्याचं मूळ फ्रेंच वायकिंग इंजिनात आहे, ते विक्रोळीत गोदरेजमध्ये बनतं, लोकलने रोज तिथून जाणाऱ्या कितीतरी जणांना हे माहीतच नसतं.

मग रॉकेट मुंबईच्या किनाऱ्यावरून का नाही सोडत? पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, त्या वेगाचा फायदा घ्यायला पूर्वेकडे उडवावं लागतं, आणि इथून उडवलं तर रिकामे टप्पे महाराष्ट्राच्या वस्तीवर पडतील. आंध्रातल्या श्रीहरिकोट्याला, जिथून इस्रो रॉकेट सोडते, पूर्वेला नुसता समुद्र. तरी ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेसाठी दक्षिणेकडे जाताना पीएसएलव्हीला श्रीलंका टाळून वळसा घ्यावा लागतो, त्यात इंधन जातं आणि वजन कमी नेता येतं, म्हणून तमिळनाडूत कुलशेखरपट्टिणमला, मुख्यतः छोट्या रॉकेटसाठी, दुसरं केंद्र उभारायला घेतलं आहे.